उघड्या डोळ्यांचं ध्यान

इंदूरहून पुण्याची बस संध्याकाळी सुटायची. ट्रॅव्हल्सच्या ऑफिससमोर सगळ्यांची माणसं खिडक्यांच्या काचा ठोकत होती, पोचल्यावर फोन कर म्हणून ओरडत होती. आमच्या खिडकीशी मात्र आवाज नव्हता. बाबा खाली उभे, मी वर बसलेली, मध्ये बंद काच, आणि आम्ही आरामात बोलत होतो. मी नुसते ओठ हलवत होते.

कापड मिलच्या लूम खात्यात ज्याने उमर काढली, त्याचे कान तिथेच राहतात. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. आमच्या घरीही बाबांशी बोलायचं तर आधी त्यांच्या समोर जाऊन उभं राहायचं, असा रिवाज होता. तुमच्यापैकी आमच्या छत्रीबागेत वाढलेल्या पुष्कळांच्या घरी हेच चालायचं, त्यामुळे तुम्हाला जास्त सांगायला नको.

बस हलायच्या आधी बाबा म्हणाले, "बसत जा रोज. थोडा वेळ का होईना."

बसणं म्हणजे ध्यानाला बसणं. मी मान हलवली आणि दात आवळले. बाबांना बसायला कोणी शिकवलं ते मला माहीत होतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते तेव्हा मिल बंद झाली. देशाचे दरवाजे उघडले म्हणून वर्गात आम्हाला निबंध लिहायला देत, आणि बाबा बंद दरवाजाबाहेर बसलेले असत. सगळे कामगार पाळीपाळीने मेन गेटवर बसायचे. माग आत आहेत तोवर मिल परत चालू होऊ शकते, माग गेले की संपलं, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून पहारा.

खांबेटे हा मिलचा लेबर ऑफिसर. सुदामा नगरात राहायचा, आमच्यातलाच, गणपतीच्या आरतीला हजर असायचा. एक दिवस तो गेटवर सतरंजी आणि टेपरेकॉर्डर घेऊन आला. भिया लोग, तापून काय होणार, पोलिसांना निमित्त मिळेल, त्यापेक्षा शांत बसू, मी स्वतः शिबिरात शिकून आलोय, असं त्याने समजावलं. त्या दिवसापासून रोज सकाळी तो सगळ्यांना गेटकडे पाठ करून बसवायचा. तंबोऱ्याची कॅसेट लावायचा. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघा. डोळे मिटा.

आमच्या माणसांनी डोळे मिटले. ज्यांचे कान डोळ्यांत होते त्यांनी डोळे मिटले.

मागच्या गेटने माग भरलेले ट्रक जात राहिले. मागच्या चाळीतल्या एका बाईने बघितलं आणि ती हाका मारत पुढच्या गेटवर धावत आली. कोणी वळून पाहिलं नाही. ज्यांना थोडंफार ऐकू यायचं, त्यांना तंबोरा ऐकू येत होता. शेवटी तिने एकाचा खांदा धरून हलवला. माणसं उठून आत घुसली, तोवर शेडमध्ये जमिनीवर तेलाचे डाग आणि उपटलेले बोल्ट राहिले होते.

डोळे मिटले की या माणसांचे कानही मिटतात हे खांबेटेला ठाऊक नव्हतं, असं नंतर काही लोक म्हणाले. मला ते पटलेलं नाही. खांबेटे आमच्या माणसांशी बोलताना नेहमी पुढ्यात उभा राहायचा आणि ओठ ठळक हलवायचा. मी डबा द्यायला जायचे तेव्हा पाहिलं आहे. मी बोलत कमी असे, त्यामुळे मला पुष्कळ दिसायचं.

त्यानंतर बाबा सांवेर रोडवर एका गोदामात लागले. बसणं मात्र त्यांनी सोडलं नाही. आई चिडायची, त्या मेल्याने दिलेली वस्तू घरात कशाला म्हणायची. बाबा एकदा तिला म्हणाले, "चोर तो. श्वास काही त्याच्या बापाचा नाही." आईने त्यांच्या मागे जाऊन पातेली आपटली. उपयोग नाही हे तिला माहीत होतं, तरी आपटली.

पुण्यात मी एका सॉफ्टवेअर कंपनीत पर्सोनेल डिपार्टमेंटला लागले. पेइंग गेस्टच्या खोलीत तीन मुली होत्या, कोपरा मिळायचा नाही, म्हणून मी चालता-बोलता ध्यान करायला शिकले. डबा घासताना फक्त पाण्याचा स्पर्श. बस स्टॉपवर फक्त पावलं. स्क्रीन उघडायच्या आधी एक पूर्ण श्वास. डोळे कधीच मिटले नाहीत. राग आला की त्याच्याकडे बघा, तो विरघळतो असं म्हणतात. माझा विरघळला नाही. मी रोज नीट बघत गेले आणि तो धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख होत गेला. आधी त्यात रडू मिसळलेलं असायचं, मिलच्या मालकांपासून सरकारपर्यंत सगळे असायचे. मग एकच माणूस उरला.

कंपनीने स्ट्रेस मॅनेजमेंटची वर्कशॉप ठरवली. एक बॅच करून बघायची, आवडली तर वर्षभर सगळ्यांना. कॉन्फरन्स रूममध्ये खुर्च्या लावून मी मागे उभी होते, आणि पांढरा कुर्ता घालून खांबेटे आत आला. दाढी ठेवली होती. आवाज तोच.

मी बहुतेक गप्प बसले असते. माझा स्वभाव तो आहे. पण त्याने सुरुवातच इंदूरपासून केली. चांगल्या इंग्रजीत त्याने सांगितलं की एका बंद पडलेल्या मिलच्या गेटवर संतापलेल्या कामगारांना आपण ध्यान शिकवलं आणि तिथे एक दगडसुद्धा उचलला गेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, आता डोळे मिटा.

सगळ्यांनी मिटले. मी उघडे ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याने हसून पापण्यांची खूण केली. मी हलले नाही. तेव्हा तो म्हणाला की कोणाला काही शंका असेल तर विचारा.

मी इंग्रजीतच विचारलं, "सर, ते लोक डोळे मिटून बसले होते तेव्हा मागच्या गेटने माग कोण नेत होतं?"

खोलीतले डोळे एकेक करून उघडले. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात मराठीत म्हणाला, "बेटा, तू कोणाची?"

"लूम खात्यातली. त्यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं की नाही, तेवढं सांगा."

"अगं, मी पण नोकरच होतो," तो म्हणाला.

हेही तो मराठीतच बोलला, आणि मी ते सगळ्यांसाठी इंग्रजीत मोठ्याने सांगितलं. त्यानंतर त्याने कॅसेट लावली, पण डोळे कोणी मिटले नाहीत.

दुपारी मॅनेजर बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी सगळं सांगितलं, काहीही सौम्य केलं नाही. त्यांनी त्याला परत बोलावलं नाही, आणि दुसऱ्या कंपन्यांतल्या आपल्या मैत्रिणींनाही माझ्यासमोर फोन करून कळवलं. मी त्यांना थांबवलं नाही. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

घरी फोन केला. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "मतलब तोंड कसं झालं होतं? फक्क पडलं की नाही? जरा बरोबर सांग ना." मी सांगितलं. तिने थांब म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवला. ती बाबांना सांगत असणार, समोर उभी राहून. मला भीती वाटली. बाबा म्हणतील, सोडून दे, बसत जा.

आई परत आली. "बाबांनी दोनदा सांगायला लावलं," ती म्हणाली. "आणि विचारतायत, नजर आधी कोणी खाली घातली?"

"त्याने," मी म्हणाले.

ती पुन्हा गेली. मग मला बाबांचं हसू ऐकू आलं, ऐकू न येणाऱ्या माणसाचं असतं तसं, फार मोठं.

पुण्यात मला चांगल्या मैत्रिणी आहेत. माफ केल्याने आपल्यालाच हलकं वाटतं, असं त्या प्रेमाने सांगतात. मी ऐकून घेते. पण नजर आधी कोणी खाली घातली, हे विचारणारी माणसं अजून त्या एकाच घरात आहेत, म्हणून मी त्याला घर म्हणते.