थंडा रेडिओ

कारंज्याच्या बाजारात तो कूलर बनवायचा. पेटी दिसली की भोक पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लोक त्याला कारागीर म्हणत; त्या हिशेबाने घूसही कारागीरच.

आमचा व्हॉल्व्हचा रेडिओ फार तापायचा, म्हणून वडिलांनी तो त्याच्याकडे नेला. त्याने कानामागची पेन्सिल थुंकीने ओली केली, सागवानी पेटीच्या बाजूला ताटलीएवढा गोल आखला, करवतीने कापला आणि आत पंखा बसवला. वाळ्याची ताटीही लावणार होता. वडिलांनी हात धरला.

रेडिओ लावला, तर नुसती पंख्याची घरघर.

"भाऊ, काहीच आयकू नाही येऊन राह्यलं," वडील म्हणाले.

त्याने पेटीवर तळहात ठेवला. "पन थंडा हाये ना?"

त्या उन्हाळ्यात बातम्या ऐकायला आम्ही शेजाऱ्यांकडे जायचो, आणि वारा घ्यायला शेजारी आमच्या रेडिओपाशी यायचे.