रत्नपाल सरांची लांबलेली सिद्धता

थळच्या आमच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले रत्नपाल सर आयुष्यात एकच तत्त्व मानतात: पायरी गाळायची नाही. त्यांच्या घरी चहा मागू नये. आधी पाणी का उकळतं ते ऐकावं लागतं.

यंदा मुख्याध्यापिका मृणालबाईंनी शाळेच्या कुंपणाची भिंत त्यांना गणितानं रंगवायला दिली. अट अशी, की शुक्रवारपर्यंत ती भरली पाहिजे. जी जागा उरेल ती परेशच्या क्लासच्या जाहिरातीला. 'दहा मिनिटांत त्रिकोणमिती!' हे ऐकूनच सरांचं पित्त खवळलं.

त्यांनी डाव्या टोकाला लिहिलं, 'सेक वर्ग थीटा वजा टॅन वर्ग थीटा'. उजव्या टोकाला, फाटकापाशी, '= १'. मग मधल्या पायऱ्या भरायला घेतल्या आणि सिद्धता अर्ध्या वाटेवरच्या चिंचेच्या झाडापाशीच संपली! पुढची सगळी भिंत कोरी.

"अक्षरं मोठी काढा," मी म्हटलं. मी समोरच राहते, बी.एस्सी. आहे, आणि मला खुळेपणा बघवत नाही.

"ती लबाडी होईल, ताई."

म्हणून प्रामाणिकपणे सगळं पुसलं आणि सिद्धताच लांबवली. गुणलं, भागलं, कंस घातले, सोडले. थळहून अलिबागला पार पलीकडच्या रेवदंड्यावरून जावं, तसं. शुक्रवारी सकाळी फाटकापाशी पोचले, तर उत्तर आलं उणे एक.

परेश रंगाचा डबा घेऊन हजरच होता. "सर, ती उण्याची रेघ पुसा ना. कोण बघतंय?"

"मी बघतोय!" सर गरजले आणि त्यांनी चुन्याची बादली उचलली. मध्येच कुठे कंसाबाहेरचं उणे चिन्ह गळालं होतं. तिथपासून पुढचं सगळं पुसायला निघाले. म्हणजे भिंत परेशची!

मी बादली हिसकावली, ब्रश घेतला आणि खाली लिहिलं, 'वरील सिद्धतेत चूक आहे. शोधा.'

"भरली की भिंत," पाहणीला आलेल्या मृणालबाई म्हणाल्या. परेश डबा घेऊन परत गेला.

तेव्हापासून सर आपली चूक राखत रोज भिंतीसमोर स्टुलावर बसतात. ती सांगायची नाही, असं मी बजावलंय. बिचारे नुसते फुगतात. काल म्हावरं विकायला निघालेली बायजाबाई मासळीची पाटी खाली ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

"मास्तर, चूक गावली! चिचेखालची अक्षरं वाकडी हायत."

"ती चूक नव्हे."

"मंग बराबर हाय?"

"बरोबर कुठलं! बसा इथे. पहिल्या पायरीपासून घेऊ."

"अवो, म्हावरं सडंल माझं!"

"सडू दे," सर म्हणाले.