केसरची दुपारची हजेरी

माणिकआत्या गेली. तेराव्याला आलेले सगळे म्हणत होते, फार शांत बाई हो. शांत कुठली! छप्पनच्या साली तिने त्या केसरसाठी किती डोकं आपटलं, ते घरातल्यांनाच माहीत.

तेव्हा ती चोवीसची, लग्न नाही झालेलं, उज्जैनात मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवायची. केसर तिच्या वर्गातली. भैरवगढ़च्या छीपांची पोर, म्हणजे कपड्यावर ठप्पे मारणाऱ्यांची. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणं पण नाही. मधल्या सुट्टीनंतर वर्गाला शिवण असायचं, ते उषाबाई घ्यायच्या. तेवढ्या वेळात आत्या केसरला बाजूच्या खोलीत न्यायची. समोर आरसा, ओठांपुढे कागदाची पट्टी. प म्हटलं की पट्टी हलली पाहिजे. म ला तिची बोटं आपल्या नाकावर धरायची. कुठला आवाज निघाला, कुठला अडला, सगळं वेगळ्या वहीत लिहायची.

पण घर पडलं दरबारी कारकुनांचं. जे जिथे दिसेल तेच तिथे लिहायचं, हे भय्यासाहेबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, लहानपणीच डोक्यात ठोकून भरलेलं. म्हणून दुपारी वर्गाच्या रजिस्टरात केसर गैरहजर, नि वेगळ्या वहीत हजर. मध्यभारत राज्य होतं तोवर चाललं. जुने इन्स्पेक्टर दोन्ही वह्या शेजारी मांडून बघायचे.

मग नोव्हेंबरात मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. नवा छापील तक्ता आला, तो एकाच रजिस्टरावरून भरायचा. आत्याने इमानदारीने भरला. वरून हुकूम आला, ही मुलगी दुपारी येतच नाही, नाव काटा.

केसरचा बाप शाळेच्या दारात येऊन उभा. हाताचा रंग पण धुतलेला नाही.

"बेनजी, छोरी तो रोज आवे. नाम कायको काट्यो?"

गैरहजर लिहिलं तर आत्यानेच होतं.

तशीच उठून शिक्षणाच्या ऑफिसात गेली. तिथले विनायकबाबू आपल्यातलेच, त्यांची बायको घरी हळदीकुंकवाला यायची.

"माणिकताई, तुमची दुसरी वही मी कुठे बसवू? तक्त्यात खानाच नाही."

"मग पाडा खाना."

"मी? अहो दोन वह्या चालतात म्हणणारी जुनी फाइल ग्वाल्हेरला. ग्वाल्हेरवाले म्हणतात इंदूरला दिली, इंदूरवाले म्हणतात भोपाळला गेली. नि भोपाळवाल्यांना बसायला खुर्च्या नाहीत अजून!"

"हसताय काय? पोरगी आत्ता कुठे पानी म्हणायला लागलीय."

"तर मग लिहा ना हजर. शाळेतच असते ना ती? झंझट खतम."

शाळेच्या मोठ्या बाई, सुनंदाबाई, त्यांनी पण तेच सांगितलं. "हट्ट सोड ग. तू हजर लिही, मी नाव परत चढवते."

आत्याने दात ओठ खाऊन लिहिलं. केसरचं नाव चढलं, आरशापुढचा तास पण सुरू झाला. पण तिला ते चोरून नको होतं. तिने भोपाळला अर्ज टाकला, की ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी रोज हा तास मंजूर करा. परत टाकला. परत टाकला. शेवटी जवाब आला. रजिस्टर पाहिलं, सगळ्या मुली दुपारी वर्गातच हजर दिसतात, सबब वेगळ्या तासाची गरज नाही. खोली खाली करून सामानाला द्या.

आरसा निघाला. खोलीत मोडकी बाकं भरली. केसर शिवणाला बसायला लागली. आत्या दारातून ओठ हलवून दाखवायची, तर उषाबाई ओरडायच्या, "माणिक, जा ग तू, तिचा टाका सुटतो!"

थोड्याच दिवसांत केसर यायची बंद झाली. आत्या भैरवगढ़ला गेली, तर ती आईशेजारी बसून कपडा पिळत होती. आत्याला बघून हसली, पण तोंड उघडलं नाही.

आत्या बापाला म्हणाली, "भेजो उसको. मैं हूँ ना."

तो म्हणाला, "बेनजी, सिलाई तो घर में बी सीख लेगी."