दम घ्यायची जागा

मी जिवंत आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कारण गेल्या वर्षी एका गाण्यातून मला पुसून टाकलं आणि पुसणाऱ्यानं साधा एक फोनही केला नाही. गाणारा मेलेला होता, त्याला विचारता येत नव्हतं, हे मी समजू शकतो. पण ढोलकीवाला बदनापुरात धडधाकट होता, रोज सकाळी स्टेशनपर्यंत फिरायला जात होता आणि त्याचा नंबर सगळ्यांकडे होता.

माझं राहू द्या. माझा राग माझ्यासाठी नाहीच. त्या गाण्यातून माझ्यासोबत आणखी एक गोष्ट काढून टाकली होती आणि ती मी कुणालाही, अगदी त्या गाणाऱ्याच्या पोटच्या पोरालाही, माफ करणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. एप्रिल लागला की मास्तरकी खुंटीला आणि ढोलकी गळ्यात. आमची पाच जणांची गायन पार्टी होती. जयंतीची गाणी, लग्नातली गाणी, विहाराच्या कार्यक्रमातली गाणी. आमचा गाणारा म्हणजे कुंभार पिंपळगाव या गावाजवळच्या एका खेड्यातला गवंडी. दिवसभर भिंती बांधायचा आणि जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडून त्यावर गाणी लिहायचा. सव्वीस वर्षं मी त्याच्या डाव्या अंगाला बसून वाजवलं. कुणी म्हणालं, एखादी कॅसेट काढा, नंतर कुणी म्हणालं सीडी काढा, तर तो हसून म्हणायचा, “गाणं लोकांपुढं म्हणायचं. डब्यात भरून ठेवायला ते काय लोणचं हाय?”

सिमेंटनं त्याची छाती खाल्ली. आम्हाला ते कळलं धावडा गावच्या जयंतीत. तिसरं कडवं चालू होतं आणि ऐन शब्दाच्या मध्यात त्याचा दम तुटला. समोर सगळं गाव बसलेलं. मी हुशारीनं नाही, घाबरून, ढोलकीवर एक जोरकस तुकडा मारला. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे. शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात त्यानं श्वास भरून घेतला आणि समेवर येऊन पुढचा शब्द उचलला.

कार्यक्रम संपल्यावर पाण्याच्या टाकीपाशी तो मला म्हणाला, “मास्तर, बराबर केलं. आता असंच करायचं. माझा दम लोकायला दिसू द्यायचा न्हाई.”

त्यानंतर आठ वर्षं आम्ही तेच केलं. प्रत्येक गाण्यात त्याच्या दम घ्यायच्या जागा ठरलेल्या होत्या. तरी मी पाठांतरावर विसंबायचो नाही, त्याच्या खांद्याकडे बघायचो. दम संपत आला की डावा खांदा बोटभर वर यायचा. खांदा उठला की माझा तुकडा. लोक म्हणायचे, मास्तरांचा हात म्हातारपणी जास्तच खुलला. मी त्यांना तसं म्हणू दिलं. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरंही वाटायचं.

शेवटच्या हिवाळ्यात तो दवाखान्यासाठी जालन्याला आला होता, तिथून माझ्याकडे येऊन दोन दिवस राहिला. चार नवी गाणी आणली होती. माझा मोबाईल रेकॉर्डिंगला लावून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, मी ढोलकी घेतली आणि आम्ही बसलो. एक गाणं एका आईचं होतं, जी कामावर जाताना लेकीच्या दप्तरात स्वतःच्या वाटणीची भाकरी ठेवते. ते म्हणताना त्याला ओळीओळीला थांबावं लागत होतं. एकदा ठसका लागला, एकदा आवाज चिरला, एकदा तर त्यानं स्वतःच्या छातीलाच शिवी घातली. मी जागा मोजत गेलो. पूर्वी एका कडव्याला एक लागायची, आता तीन लागत होत्या.

झाल्यावर तो म्हणाला, “हे तुला पाठ करायला ठिव. कुणाला ऐकवायचं न्हाई. दम जरा सुधरला की लोकांपुढं म्हणू.”

“बिलकुल न्हाई ऐकवणार,” मी म्हणालो.

दोन महिन्यांत तो गेला.

आता माझी चूक सांगतो. ती दुसऱ्या कुणाची नाही. त्याच्यामागचा पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला, माणसं पांगली, आणि त्याचा मुलगा मांडवात खुर्चीवर एकटाच बसला होता. जालन्यात त्याचा साउंडचा धंदा आहे. अर्ध्या जिल्ह्याला आवाज पुरवतो. तो मला म्हणाला, “काका, पप्पाचा आवाज कुठं हाय का हो? माझ्याकडं एक पण न्हाई.” आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. मी विरघळलो. खिशातून मोबाईल काढला आणि ती चारही गाणी पाठवून दिली. कुणाला ऐकवायचं नाही म्हणून बाप बोलला होता, हे मी पोराला सांगितलं नाही.

जयंतीच्या महिनाभर आधी एका सकाळी मी बदनापूर स्टेशनवर बाकावर बसलो होतो. पलीकडे एक कॉलेजातला पोरगा मोबाईलवर गाणं ऐकत होता. मेलेल्या मित्राचा आवाज परक्या माणसाच्या हातातून आला. भाकरीचंच गाणं. खाली मशीनचा धडाम धडाम ठेका, वर तो. आवाज कसा, तर धुऊन इस्त्री केलेला. ठसका नाही, चीर नाही. माझ्या ढोलकीचा मागमूस नाही.

तरी माझी बोटं मांडीवर चालू झाली. सवयच ती. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, त्याची दम घ्यायची जागा आली आणि मी मांडीवर तुकडा उचलला. पण तिथं जागाच नव्हती. पुढचा शब्द माझ्या बोटांवर येऊन आदळला. मी पुन्हा नेम धरला, पुन्हा तेच. तेव्हा लक्षात आलं. त्याच्या मुलानं त्याचे श्वास कापून काढले होते आणि टोकं जोडून टाकली होती. गडी अख्खं कडवं एका दमात म्हणत होता. ऐन पंचविशीतही त्याला ते जमलं नसतं. ऐकता ऐकता माझाच जीव गुदमरला आणि मी बाकावरून उठून उभा राहिलो.

तिथूनच मुलाला फोन लावला. “काय करून ठेवलंस हे?”

“का हो काका? भारी झालंय की. माझ्या चॅनलवर टाकलंय. लोकं ऐकून राह्यले, रडून राह्यले.”

“त्याचा दम कुठं गेला?”

तो म्हणाला, “काका, राग नका मानू. पप्पाचा दम आठ वर्षं तुम्ही झाकला. ढोलकीनं झाकला. मी कॉम्प्युटरनं झाकला. फरक काय?”

मी आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले. त्या दिवशी पोरानं मला विचारला. मी फोन ठेवला. रस्ताभर स्वतःशी भांडत घरी गेलो. बायको म्हणाली, “कोणावर डाफरून राह्यले?”

पहिल्या स्मृतिदिनाला त्यानंच मला बोलावलं. त्यांच्या गावी विहारासमोर सकाळचा कार्यक्रम. म्हणाला, “काका, गाणं ट्रॅकवर वाजंल. तुम्ही फक्त ढोलकी घेऊन बसा, हात हलवा. चांगलं दिसंल.” म्हणजे मला आधी काढून टाकायचं आणि मग शोभेला मांडायचं. दुसरा असता तर गेला नसता. मी ढोलकीच्या कड्या चढवल्या, शाईवर थाप मारून बघितली आणि पहिली बस पकडली.

कार्यक्रमाआधी मी त्यांच्या घरात पाणी प्यायला गेलो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, चुलीपाशी बसल्या होत्या. बाहेर मांडवात आवाजाची चाचणी चालली होती आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा लागत होतं. त्यांनी कानावर पदर दाबून धरला होता.

“भाऊजी, पोराला म्हणा बंद कर,” त्या म्हणाल्या. “मला न्हाई ऐकवत ते.”

“का वो?”

“त्यात ते दमच घेत न्हाईत. मी शेवटचे दोन महिने उशाशी बसून त्यांचा दमच तर ऐकला. एक घेतला की दुसऱ्याची वाट बघायची. दम व्हता तवर माणूस व्हता. ह्या गाण्यातला माणूस तर आधीच मेल्यावानी गातोय.”

पाण्याचा तांब्या माझ्या हातातच राहिला. इतके दिवस मी ज्यासाठी डोकं आपटत होतो ते उत्तर या बाईनं चुलीपाशी बसून दिलं. मी झाकत होतो तेव्हा ढोलकीच्या खाली तो श्वास घेत होता. मी त्याच्या दमाला जागा करून देत होतो. पोरानं ती जागाच बुजवली. झाकणं वेगळं आणि कापणं वेगळं. आठ वर्षं मी त्याला लपवलं असेल, पण जगूही दिलं.

त्रिशरण पंचशील झालं. दोन भाषणं झाली. मग पोरानं माईकवर सांगितलं की आता खुद्द पप्पाच्या आवाजात. मी स्टेजवर ढोलकी मांडीवर घेऊन बसलो होतो. ट्रॅक सुरू झाला. मी नुसते हात हलवले नाहीत, वाजवायला लागलो. भरपूर जोरात. पहिली जागा आली, मी माझा पूर्ण तुकडा वाजवला, जेवढा वेळ त्याला लागायचा तेवढा. ट्रॅक थांबला नाही, पुढं निघून गेला. मी मागं राहिलो. दुसऱ्या जागेला आणखी मागं. कडवं संपेस्तोवर मशीन एकीकडे आणि मी दुसरीकडे, नुसता गोंधळ. मांडवात चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, “मास्तर, ठेका चुकून राह्यला!”

सव्वीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी समोरचा माईक ओढून घेतला.

“ठेका माझा न्हाई चुकला,” मी म्हणालो. “ह्या गड्यासंगट मी सव्वीस वर्षं वाजवलंय. त्याला इथं दम लागतो. तो दम घेतल्याबिगर मी पुढं जाणार न्हाई. ज्याला जायचंय त्यानं जावं.”

पोरानं साउंडच्या टेबलापासून मला खुणा केल्या, हात जोडले. मी हललो नाही. तेवढ्यात वहिनी बायकांच्या रांगेतून उठल्या आणि सरळ टेबलापाशी गेल्या. “बंद कर ते,” म्हणाल्या. त्यानं आईकडे बघितलं आणि बटन दाबलं.

मग मी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. नुसती ढोलकी. गाणाऱ्याच्या ओळींना हलका ठेका आणि त्याच्या दमाच्या जागांना पूर्ण तुकडा. समोर निम्मी माणसं वैतागलेली होती, दोन-चार तर उठून जेवणाच्या पंगतीकडे गेली. जाऊ द्या. टाळ्यांसाठी मी बसलोच नव्हतो.

दुपारी पाहुणे गेल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. “तुमच्याकडं ते खरं हाय म्हणं. तुमच्या घरी म्हणलेलं.”

“हाय. पण कुणाला ऐकवायचं न्हाई म्हणला होता.”

“मी कुणी हाय का?”

मी मोबाईल काढला. भाकरीचं गाणं लावलं आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावून डोळे मिटले. गाणं मला ऐकू येत नव्हतं, पण कुठं काय आहे ते मला पाठ होतं. पहिली ओळ झाली असेल, दुसरी झाली असेल.

“घेतला,” वहिनी हळूच म्हणाल्या.

थोडा वेळ गेला. “घेतला.”

पोरगा दारात येऊन उभा राहिला होता. चेहरा पडलेला. आईच्या ओठांकडे बघत होता. गाणं संपेपर्यंत तो तिथंच थांबला. मग म्हणाला, “काका, काढलं मी ते. चॅनलवरून काढलं. आता ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडून कसं काढू?”

“ते तुझं तू बघ.”

“तसंच टाकतो ना मंग. दमासगट. तुमच्या ढोलकीसगट. एक शब्द न्हाई कापणार. पोस्टरवर तुमचा पण फोटो टाकतो.”

खरं सांगतो, मला मोह झाला. माझी ढोलकी, त्याचा खरा आवाज, सगळ्या जिल्ह्यात वाजेल. आणि वाईट काय त्यात? पण तो माझ्या घरात, साखरेच्या डब्यासमोर, स्वतःच्या तोंडानं नाही म्हणाला होता. मेला म्हणून त्याचा शब्द सैल होत नाही. उलट आता तो बदलायला तोच राहिला नाही, म्हणून तर जास्त घट्ट धरायचा. एकदा मी मोडला. दुसऱ्यांदा मोडायला मी एवढा म्हातारा झालेलो नाही.

“न्हाई,” मी म्हणालो.

“मंग काय करणार त्याचं? मोबाईल बिघडला तर गेलं सगळं.”

“जाऊ दे. लोकांपुढं म्हणलेली गाणी लोकांकडं हायेत, ती कोण नेतंय? ही चार त्यानं लोकांना दिलीच न्हाईत. त्याची होती, त्याच्यासंगट जातील.”

तो आईकडे वळला. “आई, तू तरी सांग काकाला.”

वहिनींनी डोळे पुसले, मोबाईल माझ्यापुढं धरला. “त्यांनी न्हाई म्हणलं व्हतं, तर न्हाई,” त्या त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊजी, परत लावा. पहिल्यापासून.”