किल्ली असताना वाजवलेली बेल

पन्नाशीत पहिलं घर घेणारा माणूस म्हणजे उशिरा बोहल्यावर चढणारा नवरदेव. मी मुंडावळ्या बांधून तयारच होतो. पण घराच्या मालकीणबाई वारल्या होत्या आणि त्यांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कागद, कोर्टातून यायचा होता. तोवर त्यांच्या मुलाला, सुधीररावांना, घर विकता येत नव्हतं.

पडद्यांची मापं घ्यायला ते आम्हाला तिथे घेऊन गेले. हातात किल्ली असूनही त्यांनी आधी बेल वाजवली.

"आत कोण आहे हो? जज्जसाहेब?" मी विचारलं. बायकोने चिमटा काढला.

सुधीरराव ओशाळले. "आई म्हणायची, किल्ली असली तरी बेल वाजवत जा रे, मी दचकते."

ज्या कागदाची मी देव पाण्यात घालून वाट बघतोय, तो आला की या माणसाला ही बेल वाजवता येणार नाही.

परवा ते गावी गेले आणि किल्ली आमच्याकडे ठेवून गेले. बायको कुलपात किल्ली घालणार, तोच मी बेल वाजवली.

"झालं तुमचं नाटक सुरू," ती म्हणाली.

मी किल्लीसाठी हात पुढे केला. तिने ती दिली नाही.

"थांबा जरा," ती हळूच म्हणाली, "म्हातारं माणूस, दारापर्यंत यायला वेळ लागतो."