नस, गोंद आणि सूर्यमाळची सोनी

संस्थान होतं तेव्हा जव्हारच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तिथली औषधं संपायची, किस्से कधी संपले नाहीत! कारण आमचे डॉक्टर. कुणाचं ऐकायचं नाही, हा त्यांचा बाणा.

*

मुंबईहून मायक्रोस्कोप आणला आणि दुसऱ्याच दिवशी स्वारी खाटकाकडे! बोकडाच्या मांडीतली जाड नस, म्हणजे मज्जातंतू, मागितली. खाटीक म्हणाला, "मटण सोडून दोरी नेणारं गिऱ्हाईक पहिलंच!"

नसेचे धागे सुटे करून डॉक्टरांनी चरबी काळी करणाऱ्या औषधात बुडवले, स्लाइड केली. मी डोळा लावला. प्रत्येक धाग्याभोवती काळंभोर वेष्टण! "ही चरबीची गुंडाळी," डॉक्टर म्हणाले. "ही बिघडली की मेंदूचा निरोप वाटेतच अडकतो."

*

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. मेंदूची स्लाइड बघून म्हणाले, "या आधाराच्या पेशी म्हणजे नुसता गोंद. यांच्यावर वेळ काय घालवता?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या खुर्चीचे सांधे सुताराने कशाने चिकटवलेत?"

साहेब उठून उभेच राहिले!

*

सूर्यमाळच्या पाड्यावरची सोनी करंगळी आणि शेजारचं बोट भाजून आली. मांस काळं पडलेलं, पण बाईला दुखत नव्हतं. डॉक्टरांनी कोपर चाचपलं. आतली नस दोरासारखी जाड! महारोग. "रोग नसेत शिरलाय," ते मला म्हणाले.

बातमी पाड्यावर पोचली. पाटलाने सोनीला रानातल्या खोपीत घातलं. झऱ्यावर यायचं नाही, असा हुकूम.

सोनी हंडा घेऊन गेलीच. पाटील ओरडला, "तुजी बोटां जळली तरी तुला कळला नाय!"

हंडा भरत सोनी म्हणाली, "बोटां जळली. तहान नाय जळली!"

ड्रेसिंग करून घेताना तिनेच हे आम्हाला सांगितलं. डॉक्टर खो खो हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

*

पुढच्या आठवड्यात पाटील स्वतः आला. सोनी बाकावर बसलेली. तिच्याकडे न बघता तो तरातरा टेबलापाशी गेला. "हिला संस्थानाबाहेर घालवायचा कागद द्या."

"मिळणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग मी हालनार नाय!"

सोनी जमिनीकडे बघत होती. उंबऱ्यापासून टेबलापर्यंत पाटलाच्या एका पावलाचे लाल ठसे उमटले होते.

"पाटील," ती म्हणाली, "तुजे टाचेत काटा मोडलाय. तुला कळला नाय?"

पाटलाने आधी तिच्याकडे बघितलं, मग खाली.

सोनी बाकावर थोडी सरकली.

"बस," म्हणाली.