डांबर संपतं तिथं थांबलेली गाडी

दारात आलेल्या अनोळखी माणसानं पाणी मागितलं, तर तुम्ही आधी तांब्या भरता की आधी आडनाव विचारता? घाईनं उत्तर देऊ नका. माझी आत्या आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी दारांत तहानलेली उभी राहिली आहे, आणि या प्रश्नाची दोन्ही उत्तरं तिनं पाहिली आहेत. कुणी विचारलंच, "बाई, आडनाव काय म्हनलात?" तर ती ओसरीवर ऐसपैस बसायची आणि म्हणायची, "आधी पानी आना. आडनाव पिता पिता सांगते." काही घरांतून पाणी यायचं. उरलेल्या घरांना उत्तर म्हणून तिनं स्वतःचं घरच चाकांवर बसवलं.

आत्या घाटनांदूरची. सगळी नोकरी एसटीत, कंडक्टर म्हणून. ती सांगायची, "फाट्यावर मानसं उतरवायची, घंटी मारायची, गाडी पुढं. ती मानसं उतरून कुठं जातात, ते मला कधी दिसलंच न्हाई." निवृत्त झाल्यावर ते बघायचं, एवढाच तिचा बेत. पण आपल्यासारख्या बाईनं परगावी मुक्काम करायचा कुणाकडं? म्हणून तिनं एक जुनी रुग्णवाहिका विकत घेतली. सुतारानं आत घडीचा पलंग बसवला, एका कोपऱ्यात शेगडी, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि उरलेल्या सगळ्या भिंतींना फळ्या. फळ्यांवर पुस्तकं आणि गावोगावच्या सभांत बोलून झाल्यावर आत्या वाटायची ती पत्रकं. मी अक्षरं शिकले ती अंकलिपीवर कमी आणि त्या पत्रकांवर जास्त.

त्या घराचा नियम एकच होता. आत येईल त्यानं चहा घ्यायचा आणि आपला कप आपण विसळायचा. तलाठी आला तरी, गुरुजी आले तरी. एका पुढाऱ्यानं कप तसाच खाली ठेवला, तेव्हा आत्यानं त्याच्या हातात पाण्याचा मग दिला. "तुमच्या गावात मी पाहुनी. इथं तुमी पाहुने. पाहुन्यानं जरा घराच्या रीतीनं वागावं." पुढाऱ्यानं कप विसळला. बाहेर उभी असलेली माणसं आठवडाभर हसत होती.

युसूफ वडगावच्या पुढं एक वस्ती आहे. डांबर संपलं की काळ्या रानातून वाट जाते आणि वाटेच्या शेवटी आपल्या लोकांची थोडी घरं. उन्हाळ्यात ती वाट दगडासारखी असते आणि पावसाळ्यात पिठलं. एका श्रावणात, मी सोबत असताना, आत्याची गाडी तिथं अर्ध्या चाकापर्यंत रुतली. मागची चाकं जागेवर गरगरत होती आणि पुढची नुसती बघत होती. शेवटी शेजारच्या मळ्याच्या मालकानं ट्रॅक्टर पाठवला आणि मागून स्वतः आला. गाडी निघाली. आत्यानं शेगडी पेटवली.

"या मालक, चहा घ्या."

"आत्ताच झालाय."

"मग पानी तरी?"

"नको." मालक दारापासून दोन हात लांबच उभा होता. जाताना हसून म्हणाला, "बाई, भाषन कितीबी करा. आमच्याबिगर तुमचं चाक हालत न्हाई."

आत्यानं त्याच्यासाठी ओतलेला कप मला दिला. तो चहा मला आजही कडू लागतो.

दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं, "आत्या, गाडी फोर-बाय-फोर करून घेऊ. चारी चाकांना ताकद. मग ना ट्रॅक्टर, ना मालक." चौसाळ्याच्या हमरस्त्यावर एक मिस्त्री होते, आत्याला आपा म्हणायचे. त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन सगळं पाहिलं. "होतंय की, आपा. पुढचा सांगाडा दुसऱ्या गाडीचा टाकू, गिअरचा डबा बदलू. पासिंग नव्यानं करावं लागंल. गाडी जड होनार, पुस्तकं कमी करा. पन मग चिखल काय अन् वढा काय!" नमुना म्हणून त्यांनी आपली जीप काढली, गॅरेजमागच्या पाणथळ रानात नेली आणि आत्याला चालवायला दिली. आत्यानं गिअर टाकला. जीप चिखल उडवत म्हशीसारखी पलीकडं निघाली. काचेतून तिचा चेहरा मी पाहिला. आयुष्यभर दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत घंटी मारलेली बाई खिदळत होती. "लई भारी हाय गं! मालकाच्या मळ्याला चार चकरा मारू का?"

मी त्या आठवड्यात पत्रक लिहिलं: 'आत्याच्या गाडीला चारी चाकांची ताकद द्या!' पत्रक चांगलंच होतं, आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही. पण आत्याची एक रीत होती. पत्रक ज्यांच्याबद्दल आहे, त्यांना आधी वाचून दाखवायचं, मगच छापायचं. "त्यांच्या नावानं लिहितीस, मग त्यांच्या कानावरून जाऊ दे." म्हणून डांबराच्या टोकाला गाडी लावून, चपला हातात घेऊन आम्ही वस्तीवर गेलो आणि मी गयाबाईंच्या अंगणात उभी राहून वाचलं.

गयाबाई वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तुजी गाडी येईल, ते झाकच. पर माज्या सुनंला दिवस गेलेत. तिच्या वक्ताला तुजी गाडी घाटनांदूरला असली म्हंजी?"

मी पत्रक उलटून पाहिलं. तेवढ्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "अन् दुसरं सांगू का, आत्या? आमी रस्ता मागाया गेलो की सायब म्हनतेल, त्या बाईची गाडी तर बराबर जातीय. रस्ता कावून पायजे?"

आत्यानं माझ्या हातातलं पत्रक घेतलं, घडी केली आणि कमरेला खोचलं. परत येताना चिखलात पाय उपसत ती एकदाच बोलली. "जीप लई भारी होती." आणि थोड्या वेळानं, "मिस्त्रीला सांग, नको म्हनून."

मी भांडले. तुम्हीही भांडला असता. मालकाचा शब्द मला जाळत होता. आत्या म्हणाली, "मालकाला दाखवायचं म्हनून गाडी बदलली, तर गाडी त्याचीच की गं."

त्या पावसाळ्यात आत्यानं गाडी डांबराच्या टोकाला लावली आणि हलवलीच नाही. वस्ती तिच्याकडं यायची, वाचायला, बसायला, चहाला. रस्त्यासाठी ज्या-ज्या साहेबाला अर्ज दिला, त्याला चहाचं आमंत्रण दिलं. बरेच आले नाहीत. जो आला, त्याला चहा पाजून आत्या म्हणायची, "आता चला गयाबाईंकडं. बूट हातात घ्या." एक तरुण इंजिनिअर बूट घालूनच निघाला. एक बूट वाटेनं ठेवून घेतला. तो परत आला तेव्हा एक पाय गुडघ्यापर्यंत काळा होता, आणि कुणी न सांगता त्यानं आपला कप विसळला.

मग गयाबाईंच्या सुनेला भर पावसात कळा सुरू झाल्या. चार जणांनी बाज खांद्यावर घेतली. बाया पुढं पळत चिखलात कापसाच्या पऱ्हाट्या अंथरत होत्या, बाज वाहणाऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून. मी टोकाला उभी राहून ती बाज हेलकावे खाताना पाहत होते आणि ओरडले, "आज फोर-बाय-फोर असती तर आपण दारात असतो!"

आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. "असतो," ती म्हणाली. "आज असतो. दार उघड." बाज आली. घडीचा पलंग पसरला. आत्यानं गाडी अशी हाकली, की फळ्यांवरची पत्रकं सगळी खाली. मुलगी दवाखान्यात झाली, आई सुखरूप. आत्या गाडीच्या पायरीवर बसून खाली पडलेली पत्रकं एकेक गोळा करत होती. तिच्या निर्णयाची किंमत दुसरीच बाई मोजता मोजता वाचली होती, हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या कचेरीत गेली ती बाज घेऊनच, गाडीच्या टपावर बांधून. बाज कचेरीच्या दारात आडवी लावली आणि तिच्यावर बसली. सोबत अख्खी वस्ती. रस्त्याचं काम सुरू करण्याचा हुकूम हातात पडेपर्यंत कुणी उठलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेवर खडी आणि मुरूम होता. पहिला पाऊस झाला आणि आत्यानं तीच गाडी, मागच्या दोन चाकांच्या ताकदीवर, गयाबाईंच्या अंगणात नेऊन लावली. संध्याकाळी मळ्यावरून मालकाची सून आली, डोक्यावर पदर आणि हातात पुस्तकाची यादी. चहा प्याली. कप विसळला. "मामांजींना सांगू नका," म्हणाली. आत्या म्हणाली, "सांगायचं तर तूच सांगशील, बाई. एक दिवस."

गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. वस्तीवरच्या बाया घाटनांदूरला आल्या, टमटममध्ये बसून, दारातून दारापर्यंत. गयाबाईंच्या कडेवर ती नात होती. रडता रडता मला हसू आलं, कारण पोरीच्या पायांना चिखलाचा ठिपकाही नव्हता.

गाडी आता मी चालवते. चौसाळ्याचे मिस्त्री तेल बदलताना अजून विचारतात, "करायची का फोर-बाय-फोर?" मी सांगते, चाचा, अजून बऱ्याच वस्त्या बाकी आहेत, त्यांना विचारून सांगते.

तुम्हाला एकच काम सांगते. येत्या रविवारी तुमच्या गावात डांबर जिथं संपतं, तिथं जा. वाहन तिथंच ठेवा आणि पुढं चालत जा. पहिलं घर लागेल, तिथं पाणी मागा आणि प्या. आडनाव विचारू नका. मग त्यांना विचारा, काय हवं आहे. त्यांच्यासमोर अर्ज लिहा, त्यांना वाचून दाखवा, आणि तो द्यायला त्यांच्यासोबत जा. आणि हो, निघण्याआधी आपला पेला आपण विसळा.